दशांश, सोनेतारण आणि सासूबाईंचं ऑपरेशन

सलाम ताई,

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहात, पगार हातात २४,००० येतो. मिस्टरांचा ३८,०००. दिव्याला घर घेतलंय, त्याचा हप्ता २३,५००. चार वर्षांपूर्वी तुम्ही ख्रिस्ती विश्वासात आलात. मिस्टर चर्चला फक्त नाताळला येतात, पण विरोध करत नाहीत. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी १,८०,००० रुपयांचं सोनेतारण कर्ज काढलं आणि तुमचा दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग चर्चला देणं, तीन महिने थांबला. त्यावर एका रविवारी बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचून देवाला ठकवणाऱ्यांवर संदेश झाला आणि नंतर तुम्हाला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, की घरात आजार आला तो थकलेल्या दशांशामुळेच. तुम्ही घाबरून ७,२०० रुपये क्रेडिट कार्डावरून भरले, घरी न सांगता. आता विचारताय की दशांश कापण्याआधीच्या पगारावर काढायचा की हातात येणाऱ्या, सासूबाईंवर झालेला खर्च त्यात धरता येतो का, आणि संगतीला, म्हणजे तुमच्या मंडळीला, हिशोब विचारणं हे पाप आहे का.

मी पाळक नाही. आधी बँकेत होतो, आणि मुंबईतल्या एका मराठी मंडळीचा बरीच वर्षं खजिनदार आहे. अर्पणाच्या पिशव्या ज्या टेबलावर रिकाम्या होतात, त्या टेबलामागून दिसतं तेवढं सांगतो.

आधी ते कार्ड. या महिन्याचं बिल आलं की पूर्ण भरा. किमान रक्कम भरून बाकीचं पुढे ढकललंत तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, आणि सोनेतारणापेक्षा ते कितीतरी महाग पडतं. यापुढे उसन्या पैशातून अर्पण नको. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच लिहिलंय: देण्याची उत्सुकता असेल तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. कार्डाची मर्यादा बँकेची आहे, तुमच्याजवळची नाही.

आजाराबद्दल एवढंच सांगतो की तुमच्याच पत्रातल्या तारखा बघा. ऑपरेशन आधी झालं, दशांश नंतर थांबला. शाप लागायचाच तर निदान क्रम तरी जुळायला हवा! जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं. योहानाचा नववा अध्याय घरी सगळ्यांनी मिळून वाचा, मिस्टरांनाही आवडेल.

मलाखी मात्र टाळून चालणार नाही, कारण तुमच्यावर जे ओझं आलंय ते तिथूनच आलंय. तिसऱ्या अध्यायातल्या आठव्या ते दहाव्या वचनांवर संदेश होतात, पण पाचवं वचन बहुतेक वेळा वाचलंच जात नाही. तिथे देव म्हणतो की मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा-अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क बुडवणाऱ्यांविरुद्ध मी साक्ष द्यायला येतो. त्याआधीचे दोन अध्याय बरेचसे याजकांनाच झाडणारे आहेत. आंधळं-लंगडं जनावर वेदीवर आणता म्हणून. म्हणजे ज्या ग्रंथाने तुम्हाला चोर ठरवलं, त्याचा पहिला रोख वेदीपाशी उभं राहणाऱ्यांवर आहे. आणि दशांश भांडारात आणा असं म्हटलंय ते कशासाठी? माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून. अन्न, धान्य. लेवी वंशाला जमिनीत वाटा नव्हता, ते मंदिराची सेवा करत आणि बाकीच्यांच्या दशांशावर जगत. लेवींनीही मिळालेल्या दशांशाचा दशांश पुढे याजकांना द्यायचा होता, हे गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. पुढे नहेम्या यरुशलेमचा कारभार बघत होता त्या काळात लोकांनी देणं बंद केलं तेव्हा लेवी आणि गाणारे मंदिर सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले. नहेम्या अधिकाऱ्यांवर चिडला, धान्य पुन्हा येऊ लागलं, आणि मग त्याने काय केलं तर भांडारावर माणसं नेमली, विश्वासू ठरलेली. त्याच्या पुस्तकात तेराव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात त्यांची नावं आहेत. मी खजिनदार असल्यामुळे हे वचन मला जरा जास्तच आवडतं, हे कबूल.

आता बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावा अध्याय काढा. दशांशावर इतके संदेश ऐकले, पण हा अध्याय पूर्ण वाचलेला फार क्वचित ऐकलाय. वर्षाच्या पिकाचा दहावा भाग घेऊन देवाने निवडलेल्या ठिकाणी जायचं आणि तिथे घरच्यांसोबत तो खायचा. हो, आपणच खायचा. वाट लांबची असेल तर माल विकून पैसे करायचे, तिथे पोचल्यावर जे मनाला येईल ते, बैल, मेंढरं, द्राक्षारससुद्धा, विकत घ्यायचं आणि देवासमोर आनंद करायचा. गावच्या लेव्याला विसरायचं नाही. आणि दर तिसऱ्या वर्षी तो दशांश कुठेही न्यायचा नाही, आपल्याच गावात ठेवायचा, म्हणजे लेवी, परका, अनाथ आणि विधवा येऊन पोटभर जेवतील. नियमशास्त्रातला दशांश म्हणजे शेताच्या उत्पन्नाचा आणि जनावरांचा. काठीखालून जाणाऱ्या जनावरांपैकी दहावं देवाचं, असं लेवीय या पुस्तकात आहे. ज्याच्याकडे नऊच शेरडं आहेत त्याचं काय, याचं उत्तर तुमचं तुम्ही काढा. रोजंदारीवर राबणाऱ्याच्या मजुरीवर दशांश लावलेला मला नियमशास्त्रात कुठे सापडलेला नाही. उलट शेताच्या कडेचं पीक कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी सोडा, असं आहे. म्हणजे व्यवस्थेत तो गरीब घेणाऱ्याच्या बाजूला उभा आहे.

म्हणून दशांश कापण्याआधीच्या पगारावर की नंतरच्या, हा प्रश्न मला तसा दुय्यम वाटतो. विचारलाच आहे तर सांगतो: मी हातात येणाऱ्या रकमेवर काढत आलो. प्रॉव्हिडंट फंड ज्या दिवशी हातात पडला त्या दिवशी त्यातून दिलं. ज्यांना कापण्याआधीच्या पगारावर द्यावंसं वाटतं त्यांनी जरूर द्यावं, पण शेजाऱ्याची पे-स्लिप तपासू नये. आधी बघायचं ते हे, की या पैशातून जेवणार कोण आहे.

इथे सासूबाई येतात. तुम्हाला सांगितलं गेलं की त्या विश्वासात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर केलेला खर्च देवाच्या खात्यात धरता येत नाही. हे वाचून मला खरोखर राग आला. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परूशांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांवर, कशासाठी तुटून पडला? आईबापाला द्यायचा पैसा 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेला असं जाहीर करायचं, आणि मग म्हाताऱ्यांना हात वर करून दाखवायचे, या चलाखीसाठी. देवाच्या नावाने आईबापाचं तोंडचं काढणं, याला त्याने देवाचं वचन रद्द करणं म्हटलंय. आईबाप विश्वासू असले तरच, असं तिथे कुठेही नाही. पौल तीमथ्याला लिहितो की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्या माणसाहून वाईट आहे. तेव्हा ऑपरेशनला गेलेला पैसा दशांशात 'धरायचा' की नाही, ही वहीतली नोंद तुम्ही कशीही करा. मी स्वतः तो दशांशात धरणार नाही, कारण ते दान नव्हेच, ते कर्तव्य आहे आणि त्याचा नंबर दशांशाच्या आधी लागतो. ते पार पाडताना दशांश थांबला, तर थकबाकी झाली नाही. दशांशाची थकबाकी, दंड, वसुली ही भाषा पतपेढीची आहे. नवीन करारात ती नाही.

मग दशांश बंधनकारक नाही का? यावर मुंबईतच चार मंडळ्यांत चार उत्तरं मिळतील. आमच्यासारख्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांत मासिक वर्गणी असते, पाकीट असतं, आणि अनेक ठिकाणी वर्गणी थकली की वार्षिक सभेत मत देता येत नाही. दहा टक्क्यांबद्दल बोललं जातं, पण सक्ती नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट दशांश काटेकोर पाळतात आणि इतर अर्पण त्यावर वेगळं देतात. पेंतेकॉस्त आणि स्वतंत्र संगतींत दशांश हा शिष्यत्वाचा पहिला धडा. वसईच्या कॅथलिक शेजाऱ्याला विचाराल तर चर्चच्या गरजा भागवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, आकडा ठरलेला नाही.

माझं मत सांगतो. अब्राहामाने मलकीसदेक नावाच्या याजक-राजाला दहावा भाग दिला तेव्हा नियमशास्त्र आलेलंच नव्हतं, म्हणून दशांश म्हणजे फक्त जुनी व्यवस्था, असं झटकून टाकता येत नाही. पण त्याने तो लुटीतून दिला, एकदा. पगारावर दरमहा दहा टक्क्यांचा कायदा त्यातून निघत नाही. येशूने पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजणाऱ्यांना न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल सुनावलं, ते सोडू नका असंही म्हटलं. पौलाने मंडळ्यांना आकडा दिलाच नाही. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेदाने नाही, भाग पडलं म्हणून नाही, 'कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो'. भाग पडलं म्हणून नाही, हे शब्द तुमच्या बाबतीत जसेच्या तसे लागू पडतात.

त्याच वेळी दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. 'आम्ही कृपेखाली आहोत, नियमाखाली नाही' असं म्हणणारे माझ्या टेबलावर बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या खालीच येतात, वर नाही. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता दिली, तोही कृपेखालीच होता. नालासोपाऱ्याहून येणाऱ्या, १८,००० मिळवणाऱ्या आणि ८,००० भाडं भरणाऱ्या मुलाला दहा टक्के म्हणजे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचं जेवण. दोन-अडीच लाख पगार असलेल्या आयटीवाल्याला तेच दहा टक्के म्हणजे एका गाडीचा हप्ता, आणि त्यानंतर त्याला वाटतं की आपलं झालं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं उदाहरण त्यांना देतो. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा २८ मध्ये भागवून त्याने २ दिले. पुढे मिळकत ६० झाली तेव्हाही खर्च २८, दिले ३२. १२० झाली तेव्हा दिले ९२. वेस्लीचा टक्का वाढत गेला, राहणी तिथेच राहिली. आपल्याकडे उलटं होतं.

आणि छोट्या रकमेची लाज तर अजिबात नको. मिझोराममधल्या मंडळीत बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. १९१० पासून चालत आलंय आणि त्या मुठींवर तिथलं सुवार्तेचं मोठं काम उभं राहिलंय. विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट मात्र जपून वापरा. तिने सर्वस्व टाकलं, येशूने तिचं देणं सगळ्यांपेक्षा मोठं मानलं, हे खरंच. पण मार्कात त्याच्या दोन-चार ओळी आधी तो विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल सावध करतो. दुसऱ्याच्या घरातली विधवा दाखवून पिशवी फिरवणाऱ्याने तेवढ्या ओळीही वाचाव्यात.

हिशोबाचं. ताई, हिशोब विचारणं पाप नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौल स्वतः म्हणतो की एवढी मोठी रक्कम आमच्या हाती आहे, कोणी बोट दाखवू नये म्हणून आम्ही जपतो. फक्त प्रभूच्या नाही, माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करतो. त्यासाठी त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला भाऊ पाठवला. प्रेषिताला साक्षीदार लागला, मग आपल्या पास्टरांना का नको?

विचारायचं काय ते साधं आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक धार्मिक संस्थेची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते (मुंबईचं कार्यालय वरळीला आहे), नोंदणी क्रमांक मिळतो आणि दरवर्षी हिशोब तपासून घ्यावा लागतो. पावतीवर तो क्रमांक असतो. तो आहे का बघा. नंतर क्यूआर कोड. स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव येतं की एखाद्या माणसाचं? पैसे मोजायला दोन माणसं बसतात का, आणि ती एकाच घरातली तर नाहीत ना? वर्षातून एकदा जमाखर्च वाचला जातो का? आमच्याकडे पिशवी रिकामी होते तेव्हा दोघे मोजतात, तिसरा लिहितो, तिघांच्या सह्या. संशय म्हणून नाही. उद्या कोणी माझ्यावर बोट दाखवलं तर त्या सह्या मला वाचवतील.

अनेक घरगुती संगती नोंदणीकृत नाहीत. एवढ्यावरून त्यांना लबाड म्हणणार नाही. पंचवीस माणसांची संगत, शाळेचा हॉल चार तासांसाठी भाड्याने, पास्टर आठवडाभर दुसरं काम करणारा, असं असेल तर थेट पास्टरांच्या हातात द्या आणि ते त्यांच्यासाठीच आहे हे मोकळेपणाने सांगा. ज्याच्याकडून वचन शिकतो त्याला आपल्या चांगल्या वस्तूंत वाटा द्यावा, असं गलतीकरांस पत्रात आहेच. फक्त वैयक्तिक भेट आणि संस्थेचा पैसा एकाच खात्यात मिसळू नये.

पास्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आले, पुढे मिशनचा पगार सोडला आणि वस्तीत गरिबासारखे राहिले. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. पाळकांच्या पगारवाढीचा विषय कमिटीत निघाला की कोणीतरी हमखास बोवेनसाहेबांचं नाव काढतं, आणि काढणाऱ्याच्या स्वतःच्या दारात दोन गाड्या असतात. बोवेनना बायको-मुलं नव्हती, कल्याण-डोंबिवलीचं भाडं नव्हतं. तुमच्या पास्टरांनी जे सांगितलं ते चूकच होतं, पण त्यामागे या महिन्याचं हॉलचं भाडं कुठून द्यायचं ही चिंताही असू शकते. म्हणून देणं बंद करा असं मी म्हणणार नाही.

आता आकडे. दोघांचे मिळून ६२,०००. हप्ता २३,५००, गावी सासऱ्यांना ५,०००, शाळा आणि व्हॅन ४,०००, किराणा, लाईटबिल, पास, औषधं धरून तुम्ही लिहिलेत त्याप्रमाणे १६,०००. उरतात १३,५००. यातले १०,००० सोनेतारणाला लावा. एक टक्का मासिक व्याज धरलं तरी विसेक महिन्यांत दागिने परत येतात. १,५०० अडीअडचणीला बाजूला. राहिलेले २,००० अर्पणाला, दर महिन्याला, न चुकता. पौलाने करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगितलं, तसं पगाराच्या दिवशीच काढा, शेवटी उरेल त्यातून नाही. कर्ज फिटलं की ते १०,००० मोकळे होतील. तेव्हा दोघांनी बसून आकडा वाढवा. त्यातला काही भाग तुमच्याच वॉर्डातल्या एखाद्या मावशीच्या मुलीच्या फीला गेला तर तेही तिसऱ्या वर्षाच्या दशांशासारखंच आहे, फक्त संगतीला शून्य करून नको.

करसवलतीची आशा ठेवू नका. नव्या करप्रणालीत देणगीची वजावट मिळत नाही, आणि जुन्यातही निव्वळ धार्मिक संस्थेला दिलेल्या देणगीवर ती सहसा नसते.

'दोघांनी बसून' हे मुद्दाम लिहिलं. मिस्टरांना ७,२०० चं सांगा, बिल येण्याआधी. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन तुम्ही लपवण्याच्या समर्थनाला दिलंय. ते लोकांपुढे मिरवण्याबद्दल आहे, नवऱ्याबद्दल नाही. तुमचा पगार तुमचा आहे, त्यातून देण्याचा हक्कही तुमचा. पण ज्या घरात सोनं गहाण आहे तिथे कार्डाचं देणं दोघांचं असतं. विश्वासात नसलेल्या घरच्यांना चर्चबद्दल जो संशय येतो तो बहुतेक वेळा प्रार्थनेमुळे नाही, पैशामुळे येतो. रागावले तर रागावू द्या. आणि २,००० चा आकडा त्यांच्यासमोर मांडा. ते कदाचित १,००० म्हणतील. मग १,००० ने सुरू करा.

पुन्हा कोणी थकबाकी काढली तर सांगा की आमचं घरात ठरलंय, त्याप्रमाणे देतोय. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकून काही पैसे मागे ठेवले आणि सगळे दिल्याचं भासवलं, तेव्हा पेत्र हनन्याला काय म्हणाला होता ते आठवत असेल त्यांना: जमीन तुझीच होती ना, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती होते ना? त्या दोघांचा गुन्हा खोटं बोलण्याचा होता, कमी देण्याचा नव्हता. एवढं सांगूनही दबाव थांबला नाही, तर ठाणे-कल्याण पट्ट्यात दुसऱ्या मराठी मंडळ्या आहेत. महिना-दोन महिने तिथे उपासनेला बसून बघा.